भीती गेली की काय उरतं? : ख्यूस कौयर यांच्या बालकादंबऱ्यांविषयी



या मालेत आपण गेले काही दिवस 'अधिकार' या कल्पनेबद्दल बोलतो आहोत. ग्रंथाचा अधिकार, राजाचा अधिकार, बापाचा अधिकार. आज मी एक बालकादंबरी घेऊन आलो आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला म्हातारपणी बालसाहित्याचा छंद लागला, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. पण बापाच्या अधिकाराबद्दल आणि ग्रंथ कुणाचा असतो याबद्दल ज्या पुस्तकानं मला अलीकडे सगळ्यात जास्त विचार करायला लावला, ते शंभरेक पानांचं, नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगणारं एक डच पुस्तक आहे. त्यामुळे इलाज नाही.

लेखकाचं नाव ख्यूस कौयर. उच्चार जरा अवघडच आहे. डच 'ग' घशातून खरखरत येतो, आपल्या 'ख'च्या जवळपास. जन्म १ ऑगस्ट १९४२, आम्स्टरडॅम. म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात जन्मलेलं मूल. १९६७ ते १९७३ प्राथमिक शाळेत मास्तर. आधी मोठ्यांसाठी लिहिलं, आणि १९७५ साली मुलांसाठीचं पहिलं पुस्तक काढलं. हॉलंडमध्ये मुलांच्या उत्तम पुस्तकाला 'सोन्याचा बोरू' देतात, तो त्यांना चार वेळा मिळाला. २०१२ साली आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या नावाचा स्वीडनचा मोठा पुरस्कारही मिळाला. चरित्र एवढं पुरे. पुरस्कारांनी पुस्तक कळत नाही.

ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे ते २००४ सालचं. 'हेत बूक फान आले डिंगेन', म्हणजे 'सगळ्या गोष्टींचं पुस्तक'. जॉन न्यूवेनहाउझेन यांनी त्याचं इंग्रजी केलं, २००६ मध्ये. ज्यांना डच येत नाही त्यांच्यासाठी तो रस्ता उघडा आहे.

गोष्ट १९५१ सालची, आम्स्टरडॅममधली. टोमास नऊ वर्षांचा आहे. घरात आई, वडील, सोळा वर्षांची बहीण मार्गो. वडील कडक धार्मिक. जेवणाच्या टेबलावर बायबल वाचलं जातं, आणि वडिलांच्या मते खरं पुस्तक ते एकच. बाकी सगळी पुस्तकं म्हणजे बनावट गोष्टी. हे वडील आईला मारतात. टोमासलाही मारतात, स्वयंपाकघरातल्या लाकडी डावानं. रविवारी चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना शब्द चुकला, एवढ्यावरून. मारताना राग दाखवायचा नाही, शांतपणे, कर्तव्य म्हणून मारायचं. हे शांतपण मला त्या डावापेक्षा भयंकर वाटतं. रागात मारणाऱ्या माणसाला नंतर निदान लाज वाटण्याची शक्यता असते. कर्तव्य म्हणून मारणाऱ्याला ती सोयही राहत नाही.

आता टोमासबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. त्याला इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. कालव्यात रंगीबेरंगी उष्ण कटिबंधातले मासे दिसतात. आईला थोबाडीत बसते तेव्हा आकाशात देवदूत रडताना दिसतात. आणि येशू दिसतो. येशू येतो, शेजारी उभा राहतो, साधं बोलतो. टोमासला त्याच्याशी बोलताना संकोच वाटत नाही. पुस्तकातला एक प्रसंग असा, की देव माझ्यातून मारून बाहेर काढला गेला, असं हा मुलगा येशूलाच सांगून टाकतो. आणि येशूला काय उत्तर द्यावं ते कळत नाही! मी आयुष्यभर 'ईश्वर आणि अनिष्टाचा प्रश्न' हा विषय शिकवला. लायब्नित्सपासून दोस्तोयेव्स्कीच्या इव्हान करामाझोव्हपर्यंत. निरागस मुलाचं दुःख हा त्या सगळ्या वादातला सर्वात अवघड मुद्दा. पण तिथे मूल नेहमी दाखला म्हणून येतं. इव्हान मुलांबद्दल बोलतो, मूल स्वतः बोलत नाही. इथे ते मूलच देवाच्या पुत्राला प्रश्न घालतं, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही, आज पाऊस पडतोय इतक्या सहज.

ही दृश्यं म्हणजे मनाचा आजार, की कल्पनाशक्ती, की खरोखरचं दर्शन? कौयर सांगत नाहीत. आणि ते फार बरं करतात. मानसशास्त्राच्या नावाखाली हल्ली मुलांच्या पुस्तकात एक समजूतदार डॉक्टरीण येते आणि शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडून सांगते. इथे तसं कुणी नाही. मुलाला जे दिसतं ते दिसतं. आपण त्याच्या डोळ्यांच्या मागे बसायचं.

या पुस्तकाचा खरा गाभा मात्र मला वेगळ्या जागी दिसतो. जेवणाच्या टेबलावर वडील इजिप्तची गोष्ट वाचतात. फारो, मोशे, दहा पीडा. नदीचं पाणी रक्त होतं, बेडूक सगळीकडे पसरतात. वडील हे वाचतात कशासाठी? देवाची अवज्ञा केली तर काय होतं हे मुलांना कळावं म्हणून. म्हणजे त्यांच्या मनात ते स्वतः देवाच्या बाजूला बसलेले आहेत. टोमासही नीट ऐकतो. आणि त्याच्या डोक्यात साधा हिशेब होतो: या घरात फारो कोण? मारतो कोण, आणि मार खातो कोण? मग वडिलांच्या माशांच्या टाकीतलं पाणी लाल होतं (सरबताचा रंग असतो तो). बेडूक येतात. मोशेची भूमिका एका नऊ वर्षांच्या पोरानं घेतलेली असते.

इथे थांबून जरा विचार करू. वडिलांचा अधिकार ग्रंथावर उभा आहे. मुलानं ग्रंथ नाकारला असता तर वडिलांचं काम सोपं होतं. पाखंडी म्हणून डाव उचलायचा. पण मुलगा ग्रंथ नाकारत नाही, तो वडिलांपेक्षा बरा वाचतो. त्याला कळतं की ही गुलामांची गोष्ट आहे, फारोची नव्हे. अर्थनिर्णयाचं शास्त्र म्हणून जे आम्ही मोठमोठ्या जर्मन नावांसकट शिकवलं, त्याचा सारांश या दोन-तीन प्रकरणांत आहे. आपल्याकडच्या संतांनी हेच केलं, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जातो. तो विषय या मालेत येऊन गेला आहे.

कौयर स्वतः धार्मिक वातावरणात वाढले आणि पुढे त्यातून बाहेर पडले. तरी बायबल त्यांना सुटलं नाही. २०१२ पासून त्यांनी 'अश्रद्धांसाठी बायबल' नावाचे खंडच्या खंड लिहिले, जुन्या कथा पुन्हा सांगणारे. ज्याला देव नको असतो तो सहसा इतकी मेहनत घेत नाही, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, देव नको असला तरी गोष्टी हव्या असू शकतात, आणि गोष्टी बापांच्या हाती सोडून द्यायला हा लेखक तयार नाही.

आता शेजारच्या बाई. फान आमर्सफोर्टबाई. गल्लीतली पोरं त्यांना चेटकीण म्हणतात. युद्धात त्यांच्या नवऱ्याला जर्मनांनी गोळ्या घातल्या. तो प्रतिकार चळवळीतला कम्युनिस्ट होता. या बाई टोमासला घरात घेतात, बेथोव्हनची तबकडी लावतात, पुस्तक देतात. पुस्तक कुठलं? एरिख केस्टनरचं 'एमिल आणि गुप्तहेर'. निवड सहज केलेली नाही. केस्टनरची पुस्तकं १९३३ साली नाझींनी बर्लिनच्या चौकात जाळली, आणि केस्टनर स्वतः गर्दीत उभा राहून ते बघत होता. जर्मनांनी नवरा मारला, आणि ही बाई जर्मन लेखकाचं पुस्तक डच मुलाच्या हातात देते. कौयर यावर एक शब्द बोलत नाहीत. मुलाला ते कळणार नाही, मोठ्या वाचकाला कळेल, आणि दोघांचंही पुस्तक पुरं होईल.

या बाई टोमासला विचारतात, मोठा होऊन काय होणार? तो म्हणतो, सुखी.   त्या त्याला सांगतात की त्याची सुरुवात कुठून होते: भ्यायचं थांबलं की.

मित्रहो, आम्स्टरडॅममध्येच आणखी एक माणूस होऊन गेला, ज्याला १६५६ साली त्याच्या ज्यू समाजानं बहिष्कृत केलं. स्पिनोझा. त्याचा १६७०चा ग्रंथ या विचारानं सुरू होतो की अंधश्रद्धेची आई म्हणजे भीती, आणि सत्ता चालवणाऱ्यांना ही भीती धर्माचा झगा घालून फार उपयोगी पडते. कौयर यांनी तो वाचून ही बाई रचली, असं मी म्हणत नाही. पण तोच विचार इथे पुस्तकांची चळत असलेल्या एका विधवेच्या खोलीत, कोकराला घास भरवावा तसा एका मुलाला दिला जातो. आणि आपल्या गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या यादीत पहिला शब्द कुठला आहे ते घरी जाऊन बघा. अभय. ज्ञान नंतर, दान नंतर, तप नंतर.

यावर मला नेहमी 'श्यामची आई' आठवते. माझ्या पिढीला ती न आठवून कशी चालेल? पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारत विहिरीकडे पाठवते, ते प्रकरण. तिथेही प्रश्न भीतीचाच आहे. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आई मारते. मार प्रेमात विरघळून जातो, आणि साने गुरुजींच्या कलमाचं सामर्थ्य असं की आपणही रडतो आणि आईला क्षमा करतो. ते पुस्तक मला प्रिय आहे, त्याची खोडी काढायची नाही. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एक फरक जाणवतो. श्याम मोठेपणी माराचा अर्थ आईच्या बाजूनं लावून देतो. टोमास तो अर्थ लावायला नकार देतो. आणि मारामुळे भीती गेली, या गोष्टीवर त्याचा विश्वास बसणं शक्य नाही, कारण मार हीच त्याची भीती आहे.

मुलानं आपल्या माराबद्दल बोलणं आणि मोठ्यांनी हसणं, ही फार जुनी जोडी आहे. संत ऑगस्टीनच्या आत्मकथनाच्या पहिल्या भागात आहे बघा. शाळेत मार बसू नये म्हणून तो लहानपणी देवाची प्रार्थना करायचा, आणि मोठी माणसं, त्याचे आईवडील धरून, त्याच्या वळांना हसायची. सोळाशे वर्षांपूर्वीची तक्रार. एवढ्या मोठ्या धर्मवेत्त्याला मोठेपणीही ते हसू विसरता आलेलं नव्हतं.

थोडा कायदाही सांगतो, कारण गोष्ट हवेत घडत नाही. १९५१ साली हॉलंडमध्ये लग्न झालेली स्त्री कायद्यानं स्वतः व्यवहार करायला 'अक्षम' समजली जायची. हे कलम १९५६ साली गेलं. म्हणजे टोमासची आई गप्प का बसते, याचं एक उत्तर तिच्या स्वभावात नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे. आईबापांनी मुलांना मारायचं नाही हा नियम स्वीडननं १९७९ साली केला. त्याच्या आदल्या वर्षी आस्ट्रिड लिंडग्रेन फ्रँकफर्टला याच विषयावर गाजलेलं भाषण करून आल्या होत्या. हॉलंडनं तसा कायदा केला तो २००७ साली, या पुस्तकानंतर तीन वर्षांनी. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतला मार बंद केला, निदान कागदावर. घरातल्याबद्दल बोलायला आपली जीभ अजून अडखळते.

आता माझी तक्रार. कारण नुसती स्तुती करायची तर व्याख्यान कशाला, पुस्तकाचं मलपृष्ठ आहेच.

या कादंबरीतले वडील मला पातळ वाटतात. मारणारा माणूस आतून घाबरलेला असतो, लोक हसतील याची त्याला भीती असते, असं पुस्तक सुचवतं. बरोबर असेल. पण हे आपल्याला सांगितलं जातं, तो माणूस आपल्यासमोर तसा उभा राहत नाही. मार्गोला सगळे मठ्ठ समजत असतात आणि तीच पोरगी एका रात्री सुरी हातात घेऊन बापासमोर उभी राहते. तो प्रसंग जिवंत आहे. आई बदलते, शेजारीण बोलते, पाय करकरणारी एलिझासुद्धा चार ओळींत मनात घर करते. बाप मात्र फारोच राहतो. शेवटी घरात वाचनाची बैठक भरते, बाया-मुलं जमतात, पुस्तकं मोठ्यानं वाचली जातात, आणि बाप त्यात नसतो. वाचताना आनंद होतो, नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला प्रश्न पडला की हा आनंद थोडा स्वस्त तर नाही? टोमासला त्या एकट्या माणसाची दया येते, एवढं कौयर दाखवतात. दया येते, समज येत नाही.

याचं उत्तर कुणी असं देईल की नऊ वर्षांच्या मुलाकडून अत्याचारी बापाला समजून घेण्याची अपेक्षा करणं हाच एक अत्याचार आहे. हे उत्तर मला मान्य आहे. मुलाच्या बाजूनं मान्य आहे. लेखकाच्या बाजूनं नाही, कारण याच लेखकानं याहून अवघड काम सव्वीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

ते पुस्तक १९७८चं, 'टेबलावरचे ओरखडे'. माडलीफ नावाच्या मुलीच्या मालिकेतलं चौथं. मान्से पोस्ट यांची चित्रं आहेत त्यात, साधी, पेनानं काढलेली. माडलीफ आईबरोबर राहते, बाप घरात नाही, आणि या गोष्टीचा कुणी बाऊ करत नाही. १९७५ साली हे मोठंच होतं. तर माडलीफची आजी वारते. आणि मुलीच्या लक्षात येतं की कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही. आजी कुणाला आवडायचीच नाही. आईचं तिच्याशी पटत नव्हतं. आजोबा फार बोलत नाहीत. बागेतल्या एका खोपटातल्या टेबलावर ओरखडे आहेत. कुणी काढले, का काढले?

माडलीफ विचारत सुटते. मोठी माणसं टाळतात, अर्धं सांगतात, एक जण एक सांगतो तर दुसरा दुसरंच. त्या तुकड्यांतून हळूहळू एक बाई तयार होते, जिला जग बघायचं होतं आणि जिला घरातच राहावं लागलं. तिचा कडवटपणा म्हणजे तिचं न जगलेलं आयुष्य. कौयर आजीला साध्वी करत नाहीत. ती खाष्ट होती ती होतीच. पण कळत जाण्याची प्रक्रिया आपल्या डोळ्यांसमोर घडते, आणि तीही बहुतेक सगळी संवादांतून. वर्णन नावापुरतं. वाक्यं आखूड. लेखक मध्ये येऊन काही समजावत नाही. मेलेल्या, न आवडणाऱ्या माणसाला समजून घेणं यात कसलाच फायदा नसतो. आता ती ना क्षमा मागू शकते, ना प्रेम करू शकते. तरी एक लहान मुलगी ते काम अंगावर घेते. नीतिशास्त्रात निरपेक्ष कृतीचं उदाहरण द्यायचं असेल तर मी ही मुलगी देईन. या पुस्तकाच्या जर्मन भाषांतराला १९८२ साली जर्मनीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. जगात मात्र नाव झालं ते 'सगळ्या गोष्टींच्या पुस्तका'चं. ऑस्ट्रेलियात त्याचं नाटकही झालं. मला विचाराल तर 'ओरखडे' हे अधिक मोठं पुस्तक आहे. अन्यायाचा राग येणं हे मुलांना निसर्गतःच जमतं. रुक्ष माणसाबद्दल कुतूहल वाटणं शिकावं लागतं, आणि ते शिकवणारी पुस्तकं फार थोडी.

पोल्लेकेच्या पाच पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगतो. १९९९ ते २००१ या काळातली. पोल्लेके अकरा वर्षांची, कविता करणारी. बाप व्यसनी, स्वतःला कवी म्हणवणारा. आईचं प्रेम जमतं ते पोल्लेकेच्याच वर्गशिक्षकाशी. मित्र मिमून मोरोक्कन घरातला. गंमत आहे भरपूर, आणि आजी-आजोबांच्या शेतावरचा भाग तर सुरेखच. या मालिकेत बाप आहे बघा, नालायक, खोटारडा आणि तरी लाडका. मुलीला त्याची सगळी सोंगं कळतात आणि तिचं प्रेम कमी होत नाही. म्हणजे कौयर यांना बाप रंगवता येत नाही असं नाही. दुबळा बाप त्यांना उत्तम कळतो. ताकदवान बापाच्या खोलीत शिरायला ते तयार नाहीत. मिमूनच्या बाबतीत काही ठिकाणी हॉलंडमधल्या सुशिक्षितांची 'त्यांची संस्कृती' अशी बोलण्याची सवय डोकावते, ते मला खटकलं. पण पोल्लेके स्वतः इतकी चुकते, भांडते आणि पुन्हा बोलायला जाते, की पुस्तक लेखकाच्या मतांपेक्षा शहाणं निघतं.

१९८० साली कौयर यांनी 'तुच्छ लेखलेलं मूल' नावाचं निबंधांचं पुस्तक लिहिलं होतं. मोठी माणसं मुलांकडे अर्धवट माणूस म्हणून बघतात, अशी त्यातली तक्रार. शाळामास्तराचा राग आहे त्यात. संवेदनशील, हळुवार वगैरे विशेषणं त्यांना सारखी चिकटवली जातात. हळुवारपणा आहेच, पण त्याखाली हा राग आहे हे विसरू नये. हळुवार लेखक मुलांना जपतो. हा लेखक त्यांना विचार करणारी माणसं म्हणून मोजतो, आणि ते कधीकधी जपण्याच्या बरोबर उलट असतं.

जाता जाता एक जागा दाखवतो, पुस्तक उघडाल तेव्हा चुकवू नका. 'सगळ्या गोष्टींचं पुस्तक' सुरू होण्याआधी दोन-तीन पानांची प्रस्तावना आहे. लेखक सांगतो की मी माझ्या सुखी बालपणाबद्दल लिहिणार होतो, प्रेमळ आईवडील, घरात संगीत. तेवढ्यात क्लोपर नावाचे एक वयस्क गृहस्थ घरी आले, त्यांनी लहानपणी लिहिलेली वही पुढे ठेवली. ती वाचून लेखकानं आपलं सुखी पुस्तक बाजूला टाकलं. आता डचमध्ये 'क्लोपर' म्हणजे ठोकणारा, बडवणारा. मुलगा टोमास क्लोपर. आडनाव बापाकडूनच येतं ना. लेखकानं कुठलं बालपण खरोखर टाकलं आणि कुठलं उचललं, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

प्रश्न असतील तर घेतो. मुलांना कुठल्या वयात द्यावं, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो: दहाव्या वर्षापासून, आणि आपण शेजारी बसून. टोमासच्या आईला पहिली थोबाडीत बसते ते पान आलं की मूल तुमच्याकडे बघेल. तेव्हा पान उलटू नका.